सात वर्षांचं तळघर

सावकाश वाचा. मन जिथं रेंगाळेल तिथं त्याला रेंगाळू द्या. हे एका बैठकीत संपवायलाच हवं असं काही नाही.

आधी एक देश मनात उभा करू. लेबनॉन. आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही लहान. पश्चिमेला भूमध्य समुद्र. किनाऱ्याला लागून अरुंद सपाटी, आणि लगेच डोंगर चढू लागतो. तो इतका उंच की हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ साठतो आणि खाली किनाऱ्यावरच्या माणसाला तो दिसत राहतो. हा लेबनॉन पर्वत ओलांडून पलीकडे उतरलं की एक लांबट, सपाट खोरं लागतं. त्याचं नाव बेका. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम पंधरा-सोळा, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे हजार मीटर. खोऱ्याच्या पूर्वेला डोंगरांची दुसरी रांग, आणि तिच्यामागे सीरिया.

समुद्र, डोंगर, खोरं, डोंगर. हा क्रम एकदा मनातल्या मनात म्हणून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. द्राक्षं खोऱ्यात पिकतात. ज्या तळघराविषयी मला लिहायचं आहे, ते समुद्राच्या बाजूला आहे. मधे डोंगर.

तुम्ही वाइन घेत असाल किंवा आयुष्यात कधी घेतली नसेल, त्यानं या मननात काही अडत नाही. आपलं लक्ष वर्षांवर राहणार आहे.

या मातीला द्राक्षांचा रस नवा नाही. सैदा शहराच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर, तेल अल-बुराक नावाचं टेकाड आहे. तिथल्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातलं, द्राक्षं तुडवण्याचं टाकं निघालं. चुन्यात खापरांचा चुरा मिसळून केलेला त्याचा गिलावा अजून शाबूत होता. हे फिनिशियन लोकांचं काम. समुद्रावर जगणारी, व्यापारी माणसं ती. १९९९ मध्ये आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या अश्कलोनपासून दूर, सुमारे चारशे मीटर खोल समुद्रतळावर त्यांची दोन जहाजं संशोधकांनी पाहिली. आठव्या शतकातली, तीही ख्रिस्तपूर्व. लाकूड बहुतेक नाहीसं झालं होतं. उरले होते मातीचे रांजण, शेकड्यांनी, जहाजात रचले होते जवळजवळ त्याच मांडणीत. आतून राळ लावलेले, वाइनचे रांजण.

त्या रांजणांपाशी थोडं थांबा. कुणीतरी ते भरले, तोंडं बंद केली, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून नीट लावले. त्या वर्षीचं ऊन, त्या वर्षीचा पाऊस, कुणाच्या तरी बागेतली सगळी मेहनत त्यांत होती. ती पोचली नाही. सत्तावीसशे वर्षं रांजणांची रांग मात्र मोडली नाही.

त्यानंतर रोमन आले. बेका खोऱ्यात बालबेकला त्यांनी दुसऱ्या शतकात बाखस या मद्याच्या देवाचं म्हणून ओळखलं जाणारं मंदिर उभारलं. त्याच्या दगडात कोरलेल्या द्राक्षवेली आजही बोटांनी चाचपता येतात. मग शतकांमागून शतकं गेली. ऑटोमन काळात, १८५७ साली, जेझुइट पाद्र्यांनी याच खोऱ्यात क्साराला वाइनचं काम सुरू केलं, आणि तिथल्या रोमन काळातल्या भुयारांची तळघरं केली. ही हजारो वर्षं मी भराभर ओलांडतो आहे, कारण मला १९३० मध्ये उतरायचं आहे.

त्या वर्षी गास्तों होशार नावाच्या वीस वर्षांच्या तरुणानं गझीर या गावी वाइन करायला सुरुवात केली. गझीर म्हणजे बैरूतच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्राकडे पाहणारं डोंगरउतारावरचं गाव. अठराव्या शतकातल्या एका जुन्या वाड्याची दगडी तळघरं त्यांना मिळाली. नाव पडलं शातो मुसार. देशावर फ्रेंचांचा अंमल होता आणि पहिल्या गिऱ्हाइकांत फ्रेंच अधिकारीच पुष्कळ होते.

पण द्राक्षं तर डोंगरापलीकडे, बेकात. मग तळघर इकडे का?

याचं एक कारण सांगितलं जातं. फ्रेंचांनी १९२० मध्ये नव्या लेबनॉनची रेघ आखली तेव्हा बेका खोरं तिच्या आत आलं. ती रेघ टिकेल का, खोरं उद्या सीरियात तर जाणार नाही ना, हे १९३० मध्ये कुणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. वेल जिथं रुजतो तिथंच राहणार, त्याला इलाज नाही. तळघर मात्र देश बदलणार नाही अशा जागी हवं. म्हणून समुद्राची बाजू. दर सुगीला घड डोंगर ओलांडून आणायचे, एवढीच काय ती अडचण.

विचारी माणसाचा निर्णय. त्या दिवशी तो बरोबरच होता. आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याच निर्णयाचं ओझं त्यांच्या मुलांच्या खांद्यावर येणार होतं.

तुमच्या घरातला असा एखादा निर्णय आठवा. आजोबांनी गाव सोडलं, किंवा सोडलं नाही. आजीनं दागिने मोडून जमीन घेतली, किंवा जमीन विकून मुलांना शिकवलं. निर्णय घेणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं. त्यानं त्याच्यासमोर जी रेघ होती तिच्याकडे पाहून पाऊल टाकलं. आज आपण त्या पावलाच्या पुढच्या टोकाला उभे आहोत. त्याला चूक म्हणायचं की बरोबर, हे क्षणभर बाजूला ठेवा. फक्त ते पाऊल पाहा.

आता बागेत जाऊ. हिवाळा आहे असं समजू, जानेवारी.

आपल्याकडचा द्राक्षवेल खऱ्या अर्थानं झोपत नाही. नाशिक-सांगलीकडच्या बागेत एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा वेलावर कात्री चालते. थंडी वेलाला निजवण्याइतकी पडत नाही, म्हणून त्याचं वर्ष शेतकऱ्यालाच आखून द्यावं लागतं. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना ठाऊक आहे, पेस्ट लावण्यापासून डोळे फुटण्यापर्यंतचे ते दिवस कसे जातात. बेकात हे काम हिवाळा करतो. पानं गळतात, रस खाली उतरतो, वेल नुसतं खोड आणि काड्या होऊन उभा राहतो. कधी त्याच्यावर बर्फ पडतो. छाटणी एकदाच, या झोपेत.

त्या वेलाकडे पाहा. वरून तो मेल्यासारखा दिसतो. दगडगोट्यांची, खाली चुनखडीची जमीन. तिच्यात मुळं पाण्याच्या शोधात खोल गेलेली असतात. या दिवसांत वेलाकडून कुणाची काही मागणी नसते. फळ दे म्हणत नाहीत, पान दे म्हणत नाहीत. वर्षातला एवढा मोठा भाग काहीच न दाखवता काढायचा, हे त्याच्या वर्षात आधीच धरलेलं असतं.

एक श्वास घ्या. सोडा. आणखी एक.

मग वसंतात डोळे फुटतात. खोऱ्यावर वर्षाचे तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं, पण उंचीमुळं रात्री थंड. दिवसा मण्यांत साखर भरते, रात्रीच्या गारव्यानं त्यांतली आंबट धार टिकून राहते. उन्हाळाभर पाऊस जवळपास नाही. ऑगस्टपासून तोडणी सुरू होते आणि जातीप्रमाणे ऑक्टोबरपर्यंत चालते. मुसारच्या बागांत ती हातानं होते, आणि करतात ती खोऱ्यातली बेदुइन माणसं. काबर्ने सोव्हिन्याँ, सँसो, कारिन्याँ ही लाल वाइनची द्राक्षं. पांढरीसाठी ओबेदे आणि मेरवाह, या मातीतल्याच जुन्या जाती, आणखी उंचावर, कलम न करता स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या.

१९५९ मध्ये गास्तोंचे थोरले चिरंजीव सर्ज यांनी तळघर हाती घेतलं. वय वीस. ते आधी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले होते, आणि वाइनचं शास्त्र शिकायला बोर्दोच्या विद्यापीठात गेले. एमिल पेनो यांच्यासारखे गुरू तिथं शिकवत. मुसारच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, की मुलानं वडिलांना स्पष्ट सांगितलं: वाइन मी माझ्या पद्धतीनं करणार, ती जगभर माहीत व्हावी अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी तुम्ही बाजूला व्हा. आणि गास्तों बाजूला झाले.

सर्जविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गास्तोंच्या या एका कृतीविषयी फारसं नाही. ज्यानं एकोणतीस वर्षांपूर्वी दगडी भिंतींत पहिले पिंप ठेवले, ज्याचा जम बसला होता, गिऱ्हाईक बांधलेलं होतं, त्यानं किल्ल्या दिल्या. मला या सगळ्या इतिहासात ही जागा फार मोलाची वाटते. आपण कुणाला तरी असं बाजूला होताना पाहिलं असेल. किंवा आपल्यावर ती वेळ आता आली असेल. तर इथं घाई करू नका, वाचन थांबवून दोन मिनिटं तसंच बसलात तरी चालेल.

गास्तोंच्या धाकट्या मुलाचं नाव रोनाल्ड. त्यामागेही एक मैत्री आहे. दुसऱ्या महायुद्धात रोनाल्ड बार्टन हे बोर्दोतले वाइन करणारे लष्करी कामावर लेबनॉनमध्ये होते. गास्तोंची आणि त्यांची गट्टी जमली आणि मुलाला त्यांचं नाव मिळालं. पुढं रोनाल्ड यांनी विक्री आणि हिशेब सांभाळले, सर्ज यांनी वाइन. भावाभावांची ही वाटणी आयुष्यभर टिकली.

सर्ज शिकून आले ते शास्त्र होतं रोखण्याचं: कुठला जंतू कुठं थांबवायचा, काय गाळून काढायचं, दरवर्षी सारखी चव कशी आणायची. ते सगळं त्यांना येत होतं. त्यांनी ठरवलं की यातलं शक्य तितकं कमी वापरायचं. त्यांच्या लाल वाइनचा मेळ मनासारखा जमायला अठरा वर्षं गेली.

आता त्या तळघरात उतरू या. पायऱ्यांवर हात भिंतीला लागतो, दगड गार आहे.

घड आले की प्रत्येक जात वेगळी ठेवतात. रस आणि साली सिमेंटच्या मोठ्या टाक्यांत जातात. द्राक्षांबरोबर बागेतून आलेलं आणि तळघरात नांदणारं यीस्ट कामाला लागतं. बाहेरचं विरजण घालत नाहीत. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल होतं, वायू बुडबुड्यांनी वर येतो. महिने जातात. मग फ्रेंच ओकच्या पिंपांत एक वर्ष. मग तिन्ही जातींचा मेळ. तिसऱ्या वर्षी बाटलीत, न गाळता. म्हणून जुन्या बाटलीच्या तळाशी साका दिसतो. आणि मग बाटली आडवी ठेवून अंधारात, आणखी काही वर्षं. बुचाच्या आत जे होतं ते फार हळू होतं. सालीतले तुरट घटक एकमेकांना चिकटून मोठे होतात, जड होतात, तळाला बसतात. वाइनची धार मऊ होते. रंग गडद लालावरून विटकरीकडे जातो. लोणचं मुरतं तसं, बाहेरून काही न करता.

सातव्या वर्षी बाटली दाराबाहेर पडते.

सात वर्षं. हे जरा पैशाच्या बाजूनंही पाहा. मजुरी आज द्यायची, ट्रकचं भाडं आज, पिंपं-बाटल्या-बुचं आज, आणि पैसा येणार सात वर्षांनी. कोणत्याही दिवशी तळघरात गेलात तर सात सुगी तिथं पडून आहेत, न विकलेल्या. जिथं सरकार स्थिर आहे, रस्ते उघडे आहेत, बँका चालू आहेत, तिथंही हे धाडस. लेबनॉनमध्ये दोन भावांनी ते नेमानं केलं.

या वाइनवर आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत. एका वर्षीची बाटली दुसऱ्या वर्षीसारखी लागत नाही. कधी तर एकाच वर्षीच्या दोन बाटल्या वेगळ्या निघतात. काहींत सिरक्याची किंचित झाक येते, आणि बोर्दोच्या परीक्षेत तिला दोष म्हणून गुण कापतील. सर्ज यांना हे माहीत होतं. पण त्या वर्षी जे घडलं ते बाटलीत राहू द्यायचं, पुसून सारखं करायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. मी या बाबतीत त्यांच्या बाजूचा आहे. दरवर्षी हुबेहूब सारखं निघणारं काहीतरी करायला वर्षं लागतातच कशाला?

१३ एप्रिल १९७५ ला बैरूतमध्ये यादवी युद्धाची ठिणगी पडली. ते १९९० पर्यंत चाललं. सुमारे दीड लाख माणसं मेली.

हा आकडा वाचून लगेच पुढं जाऊ नका. युद्धाच्या गोष्टी सांगताना एक धोका असतो. तोफांच्या आवाजात वाइन करणारा माणूस, हे चित्र इतकं आकर्षक आहे की युद्धच त्याची शोभा होऊन बसतं. मुसारविषयी लिहिताना हे अनेकदा झालं आहे, आणि मला ते टोचतं. घड तोडणाऱ्या बायका-पुरुषांची, चौक्या-नाक्यांवरून ट्रक नेणाऱ्या चालकांची नावं या इतिहासात छापून आलेली नाहीत. डोंगर ओलांडायचा होता तो त्यांनी ओलांडला. पुढचं वाचताना स्टिअरिंगवरचे ते हात नजरेसमोर ठेवा.

१९७६. रस्ते बंद, वीज नाही. वेलींना युद्ध कळत नाही. त्यांचे डोळे वसंतात फुटले, उन्हात मणी भरले, ऑगस्टमध्ये घड पिकले. पण त्या वर्षीची वाइन झाली नाही. मुसारच्या यादीत १९७५ नंतर १९७७ येतं.

मधल्या जागेकडे पाहा. तिथं काहीच लिहिलेलं नाही. आणि तरीही ते वर्ष होतं. दिवस उगवले, माणसं जेवली, मुलं जन्मली, कुणी कुणाची वाट पाहिली. बागेत छाटणीही झाली असणार, कारण छाटणी चुकली तर पुढचं वर्षही जातं. फळ न दिलेल्या वर्षात केलेली छाटणी पुढच्या वर्षाच्या घडांत उतरते.

तुमचंही असं एक वर्ष असेल. प्रत्येकाचं असतं. परीक्षेत गेलेलं, आजारपणात गेलेलं, कुणाच्या उशाशी बसून गेलेलं, नोकरी सुटल्यावर घरात गेलेलं. त्या वर्षाचं विचारलं की आपण म्हणतो, ते वर्ष फुकट गेलं. ते वर्ष आता समोर घ्या. त्याला उजळवायला जाऊ नका, त्यातून काही शिकल्याचं स्वतःला पटवू नका. त्या वर्षी तुम्ही रोज सकाळी उठून काय करत होता, तेवढंच आठवा. औषधं मोजून देत होता. पाणी भरत होता. बसच्या रांगेत उभे होता. हातांनी काय केलं ते आठवा. मन काय म्हणत होतं ते राहू द्या.

हवा तेवढा वेळ घ्या.

युद्धानं मुसारचं घरचं गिऱ्हाईकही नेलं. तोवरचा बहुतेक माल देशातच खपत असे. आता बाहेर पडणं भाग होतं. १९७९ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात सर्ज आपल्या बाटल्या घेऊन उभे राहिले. लिलावांच्या दुनियेतले मोठे जाणकार मायकेल ब्रॉडबेंट यांनी त्यांची १९६७ ची लाल वाइन चाखली आणि या मेळ्यात सापडलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणून तिचं नाव घेतलं. तिथून मुसार जगात माहीत झाली.

तारखा जुळवून पाहा. युद्धाच्या पाचव्या वर्षात ज्या बाटलीनं घर तारलं, तिच्यातली द्राक्षं शांततेतली होती, बारा वर्षांपूर्वीची. १९६७ च्या तोडणीत हात चालवणाऱ्या कुणाच्या मनातही नव्हतं की आपण एका युद्धाच्या वर्षासाठी घड खुडतो आहोत.

मग १९८४. लढाईची आघाडी नेमकी डोंगरातल्या रस्त्यांवर येऊन बसली. सुगीचे ट्रक खोऱ्यातून निघाले. एरवीचा काही तासांचा रस्ता. त्यांना पोचायला दिवसामागून दिवस लागले. सप्टेंबरचं ऊन, क्रेट एकावर एक, खालचे घड वरच्यांच्या वजनानं फुटलेले, आणि आंबवण ट्रकमध्येच सुरू झालं. गझीरला पोचलं ते अर्धवट वाइन झालेलं काहीतरी.

गास्तोंनी १९३० मध्ये तळघर समुद्राच्या बाजूला घेतलं, त्याची किंमत इथं चुकती झाली. आणि तळघर बेकात असतं तर? तर रस्ता लागला नसता, हे खरं. पण बाटल्या बाहेर काढायला बंदर लागतंच, आणि बंदर डोंगराच्या अलीकडे आहे. सरळ उत्तर निघत नाही. मला वाटतं, नसू दे.

सर्ज यांनी आलेला तो रस फेकला नाही. टाक्यांत घेतला, त्याची वाइन केली, बाटल्यांत भरून ठेवली. नेहमीसारखी ती बाजारात आणली नाही. पुढं अनेक वर्षं ते ती अधूनमधून उघडून पाहत, हिचं काय होतंय म्हणून. त्याच १९८४ मध्ये लंडनच्या 'डिकँटर' या वाइनच्या मासिकानं वर्षातल्या मानकऱ्याचा सन्मान सुरू केला आणि पहिलाच दिला तो सर्ज होशार यांना. एकीकडे लंडनचा गौरव, एकीकडे उन्हात अडकलेले ट्रक, आणि वर्ष एकच. या वर्षाला चांगलं म्हणायचं की वाईट, हे ठरवायला बसलात तर बसूनच राहाल.

गोळाबारीच्या दिवसांत आसपासची माणसं आसऱ्याला तळघरात येत. आणि सर्ज यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. बैरूतवर तोफगोळे पडत होते आणि ते आपल्या घरातून खाली गेले नाहीत. आपल्या जुन्या वाइनची एक बाटली त्यांनी मोठ्या पेल्यात ओतली आणि घोट घोट घेत बारा तास तिच्यासोबत बसले. हवा लागून वाइन तासातासाला बदलत होती, तो बदल ते पाहत राहिले.

ही गोष्ट मी बऱ्याच वेळा मनात फिरवली आहे. ते धैर्य होतं असं म्हणणारे आहेत, तो हट्ट होता असं म्हणणारेही आहेत. शेजारी मुलंबाळं घेऊन जिने उतरत असताना वर बसून राहणं सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. मला त्यातलं लक्ष देणं धरून ठेवावंसं वाटतं. बाहेरच्या कशावर त्यांचा काडीचा ताबा नव्हता. पेल्यात जे बदलत होतं त्यावरही नव्हता. पण ते पाहता येत होतं, आणि त्यांनी ते बारा तास पाहिलं.

आपणही थोडं पाहू. बारा तास नकोत, बारा श्वास पुरेत. खोलीतले आवाज ऐका, पंखा, रस्ता, स्वयंपाकघर. पहिल्या श्वासाला जे ऐकू आलं आणि बाराव्याला जे ऐकू येतंय, त्यात काय बदललं ते टिपा. बदलायला जाऊ नका.

युद्ध १९९० मध्ये थांबलं. पुढचं थोडक्यात सांगतो. २००६ मध्ये शातो मुसारच्या बागांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं, लेबनॉनमध्ये पहिलं. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये देशावर चौतीस दिवस बाँब पडले. तोडणी झाली. पुढच्या दशकात सीरियातून जीव घेऊन निघालेले लाखो लोक डोंगर उतरून बेकात आले आणि शेतांच्या कडेनं तंबू लागले. २०२४ च्या शरदात खोऱ्यावर आणि बालबेकवर पुन्हा हवाई हल्ले झाले. वेलींचे डोळे पुढच्या वसंतात फुटलेच असतील, पण त्या खोऱ्यातल्या माणसांना विसावा मिळायला हवा, तो अजून मिळालेला नाही.

सर्ज होशार ३१ डिसेंबर २०१४ ला मेक्सिकोत गेले. कुटुंबाबरोबर सुटीवर असताना, समुद्रात पोहताना. वय पंचाहत्तर. कारभार पुढच्या पिढीकडे आहे. त्यांच्या मुलाचं नाव गास्तों, आजोबांचंच.

त्या दिवशी गझीरच्या तळघरात २००८ पासून २०१४ पर्यंतच्या सात सुगींची लाल वाइन बाहेर पडायची होती. कुठली टाकीत, कुठली पिंपात, कुठली बाटलीत आडवी. नेमाप्रमाणे त्यातल्या शेवटच्या सुगीचं बाजारात येण्याचं वर्ष होतं २०२१.